ताई, गाडी बाजूला घ्या

दुपारची भांडी आवरली असतील, कुणी गोठ्यात खुंटीला मोबाईल अडकवून ऐकत असेल, कुणी कांद्याच्या वाफ्यात बसून. आज मी बचतीवर बोलणार नाही. हप्त्यावरही नाही, म्हणजे थोडं बोलेन, कारण गोष्ट हप्त्यावरूनच सुरू झाली. पण मुख्य बोलायचंय ते रस्त्यावर पोलिसांनी हात केला की आपल्या पोटात जो गोळा येतो, त्याबद्दल.

झालं असं. आमच्या शिरूर तालुक्यातल्या एका गटातली ताई कधीच हप्ता चुकवत नाही. रांजणगाव एमआयडीसीत कामाला असलेली पोरं कारेगावात खोल्या करून राहतात, त्यांना ती दोन वेळचे डबे पोचवते. गटाकडून कर्ज काढून तिनं स्कुटी घेतली, धंदा चांगला चालला होता. आणि एका महिन्यात तिचा हप्ताच आला नाही. मिटिंगलाही आली नाही. मी घरी गेले तर स्कुटी पडवीत, वर गोधडी टाकून झाकलेली. म्हटलं, काय गं, आजारी आहेस का? तर रडायलाच लागली. हायवेवर पोलिसांनी अडवलं होतं. लायसन नव्हतं. गाडी नवऱ्याच्या नावावर. तिच्या नावानं एक चलान आणि मालकानं बिगर लायसनच्या माणसाला गाडी दिली म्हणून नवऱ्याच्या नावानं दुसरं. पाच आणि पाच, दहा हजार. त्या दिवसापासून तिनं गाडीला हात लावला नव्हता. डबे बंद, म्हणून पैसे बंद, म्हणून हप्ता बंद. आणि हे ती कुणाला सांगत नव्हती, कारण "पोलिसांनी पकडलं" असं बाईनं गावात सांगायचं कसं?

मग पुढच्या मिटिंगला मीच विषय काढला. आणि काय सांगू, तासभर दुसरं काही झालंच नाही. बारा जणींतल्या सात जणी गाडी चालवतात. लायसन किती जणींकडे? दोघींकडे. त्यातल्या एकीचं संपलेलं.

आधी माझंच सांगते, म्हणजे मी कुणाला शिकवायला आले असं वाटायला नको. मी शिरूरहून न्हावरा, पारगाव, केडगाव अशी चौफुल्याला मिटिंगला निघाले होते. हेल्मेट डिक्कीत. हो, डिक्कीत, डोक्यावर नाही. गटांची रजिस्टरं पुढे पायाशी. चौफुल्याच्या अलीकडे एका महिला पोलिसानं हात केला. "ताई, गाडी बाजूला घ्या." आणि मी काय बोलले? "मॅडम, मी बचत गटाची समन्वयक आहे, मिटिंगला उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "मग मिटिंगमध्ये बायकांना काय सांगता?" बोलती बंद. पावती झाली. दंडाचं दुःख नाही, तो प्रश्न अजून टोचतो.

आता अडवल्यावर काय करायचं ते. पहिली गोष्ट, पळायचं नाही. मागं वळून उसातून गाडी काढायची, राँग साइडनं जायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. सोलापूर रस्ता असो नाहीतर नगर रस्ता, तिथं समोरून कंटेनर येतात. दंड परवडतो, तो कंटेनर नाही परवडत. गाडी डाव्या बाजूला घ्यायची, बंद करायची, चावी काढून हातात ठेवायची, आणि विचारायचं, "साहेब, काय झालं?" आवाज चढवायचा नाही आणि गयावयाही करायची नाही. गणवेशातल्या पोलिसानं लायसन मागितलं तर ते दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १३० तेच सांगतं. म्हणजे समोरचा गणवेशात असला पाहिजे, हेही त्यातच आलं.

कागद घरी राहिले, ट्रंकेत आहेत, सासऱ्यांकडे आहेत, हे आता कारण राहिलेलं नाही. मोबाईलमध्ये डिजीलॉकर नावाचं सरकारी अॅप असतं, त्यात आपलं लायसन, आरसी, विमा दिसतो. एम-परिवहन अॅपमध्येही दिसतो. नियमानं ते कागदाइतकंच चालतं. पण लक्षात घ्या, गॅलरीत काढून ठेवलेला फोटो वेगळा आणि अॅपमधलं लायसन वेगळं. फोटो दाखवून वाद घालू नका. डिजीलॉकर उघडायला आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर लागतो. तो नंबर नवऱ्याचा किंवा पोराचा असेल तर आधी तो बदलून आपला करून घ्या. या एका नंबरापायी किती घोळ होतात ते पुढं सांगतेच.

पोलिसानं लायसन जप्त केलं तर त्याची पोच द्यायची असते, कायद्यातच लिहिलंय. ती मागून घ्या. गाडी अडकवून ठेवता येते, पण त्याची कारणं ठरलेली आहेत, चालवणाऱ्याकडे लायसन नसणं, गाडीची नोंदणी नसणं, परमिट नसणं ही त्यातली मुख्य. दंड जागेवर भरलाच पाहिजे असं नाही. चलान यंत्रावर होतं, ते नंतरही भरता येतं, आणि मान्य नसेल तर कोर्टात म्हणणं मांडता येतं. हे माहीत नसल्यामुळे आपल्या एका बहिणीनं काय केलं, एका चौकात "पावती नको, दोनशे द्या आणि जा" असं ऐकल्यावर पदराच्या गाठीतले दोनशे काढून दिले. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच चौक, पुन्हा दोनशे. पावती नाही म्हणजे सरकारच्या लेखी ते पैसे तिनं दिलेच नाहीत. असं कुणी मागितलं तर सरळ म्हणा, "दादा, रीतसर चलान करा." एवढं एक वाक्य पुरतं. पुढं तक्रार करायची झाली तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर आहे. आणि हेही सांगते, नियमात नीट वागणारे पोलीसही मी खूप पाहिले. पुष्कळदा दोनशेची भाषा पहिल्यांदा आपल्याच बाजूनं निघते. "घ्या की साहेब काहीतरी, मिटवा." बरोबर ना? हसू नका, खरं आहे ते.

आता दंडाचे आकडे. सगळे सांगत बसत नाही, आपल्याला लागतात तेवढे सांगते. २०१९ मध्ये केंद्रानं मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती केली आणि दंड एकदम वाढवले. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून आले. बिगर लायसन गाडी चालवण्याला पूर्वी ५०० रुपये होते, आता ५,०००. अशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकाला वेगळे ५,०००. विमा नसेल तर पहिल्यांदा २,०००, पुन्हा सापडलं तर ४,०००. तिघी बसलो तर कायद्यात १,००० आणि तीन महिने लायसन बाद. हेल्मेट नसेल तरी कायदा १,००० आणि तीन महिनेच म्हणतो. हेल्मेट मागं बसणारीलाही लागतं, आणि चार वर्षांवरच्या लेकरालाही. डोक्यावरचा पदर हे हेल्मेट नाही, हे मला सांगायला नको, पण सांगते.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढे पैसे कुठून आणायचे? मी उलटं विचारते. लायसन काढायला किती लागतात? एजंटला न देता स्वतः काढलं तर शिकाऊ आणि पक्कं मिळून त्या एका दंडाच्या आसपासही जात नाही. आणि २०२१ च्या जूनपासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसनची परीक्षा घरबसल्या देता येते. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर आधार टाकायचा, ओटीपी यायचा, रस्त्याच्या नियमांचा व्हिडिओ बघायचा, मग मराठीतून प्रश्न. साठ टक्के बरोबर आले की पास. दहावी झाली नाही, सातवीतच शाळा सुटली म्हणून कुणी मागं राहू नका, आपल्या टू-व्हीलरच्या लायसनला शिक्षणाची अट नाही. चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो, एवढंच. पक्क्या लायसनची परीक्षा मात्र समोर गाडी चालवून द्यायची असते, शिकाऊ मिळाल्यावर ३० दिवसांनी आणि सहा महिन्यांच्या आत. दौंडकरणींचं आरटीओ बारामती, आपली एमएच ४२ ची पाटी. तालुक्याला कॅम्पही लागतात, तारीख बघून वेळ घ्यायची. गटातल्या चार-पाच जणींनी एकदमच तारीख घ्या. एकटीला जायला धीर होत नाही, पाच जणी असल्या की आरटीओच्या मैदानातही आपली जत्रा होते.

ज्यांचं लायसन आहे त्यांनी घरी गेल्यावर मागची तारीख वाचा. ती संपून वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर ठीक, वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा.

आणि विमा. हे जरा थांबून सांगते, कारण यात आपल्यापैकी पुष्कळ जणी आत्ता, या मिनिटाला अडकलेल्या असतील आणि त्यांना माहीतही नसेल. १ सप्टेंबर २०१८ नंतर जी नवी टू-व्हीलर घेतली, तिच्याबरोबर शोरूममध्येच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. आपल्याला वाटतं, गाडीचा विमा आहे. आहे नव्हे, होता! २०१९ ला दिवाळीत घेतलेल्या गाडीचा तो विमा २०२४ च्या दिवाळीत संपला. आमच्या मिटिंगमध्ये सात जणींनी तारखा बघितल्या, तीन गाड्यांचा संपला होता. थर्ड पार्टीचा मूळ हप्ता आपल्या ११० सीसीच्या स्कुटीला २०२२ च्या दरपत्रकानुसार वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. महिन्याला सत्तर-ऐंशी रुपये धरा. तो नसताना आपल्या गाडीचा धक्का लागून कुणी म्हातारा पडला, पाय मोडला, तर भरपाई आपल्या घरातून, आपल्या एकरातून. दंड दोन हजारच आहे, पण बिगरविम्याच्या गाडीनं झालेल्या अपघाताला वरची हद्द नसते.

हे चलान आता हातात कागद देऊन होत नाही, मोबाईलवर येतं. ई-चलान. रस्त्यावर कॅमेरे आहेत, पोलिसांच्या हातात यंत्र आहे, फोटो निघतो, आणि गाडीच्या नोंदणीत जो मोबाईल नंबर असेल त्यावर मेसेज जातो. इथंच तो नंबराचा घोळ. गाडी शोरूममधून घेतली तेव्हा फॉर्मवर नंबर कुणी टाकला? कधी नवऱ्याचा जुना, कधी दिराचा, कधी शोरूममधल्या पोराचा. मग चलानं होत राहतात, मेसेज भलतीकडेच जातात, आणि दोन-तीन वर्षांनी एका नाक्यावर पोलीस यंत्रात नंबर टाकून सांगतात, "मावशी, साडेसहा हजार थकलेत." दौंड भागातल्या एका गटातल्या मावशींचं अक्षरशः असं झालं. मुलगा पुण्याला कॉलेजला गाडी न्यायचा. आईला वाटायचं पोरगं शहाणं आहे. सगळा हिशोब ठिकाणासह, तारखेसह, फोटोसह समोर आला. एका फोटोत मागं कोण बसलं होतं, त्यावरून घरात जे झालं ते वेगळंच.

स्वतः तपासायचं कसं? महाट्रॅफिक अॅप आहे, किंवा महाट्रॅफिकई-चलान डॉट जीओव्ही डॉट इन हे महाराष्ट्र पोलिसांचं संकेतस्थळ. तिथं गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. चासी नंबर आरसीवर असतो. थकलेली सगळी चलानं दिसतात, फोटोही दिसतो. महिन्याच्या मिटिंगला पासबुकं भरतो तसं वर्षातून दोनदा हेही बघायचं, असं आम्ही ठरवलंय.

फोटो बघायचाच, न बघता भरायचं नाही. आमच्या एकीला पुण्यातल्या सिग्नलचं चलान आलं. त्या दिवशी तिची करडी स्कुटी दूध डेअरीसमोर उभी होती, पुण्याला ती वर्षभरात गेलेलीच नाही. फोटो उघडला तर लाल मोटरसायकल. पाटीवरचा शेवटचा आकडा तीन होता, तो आठ वाचला गेला. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, पाचशेसाठी कुठं नादी लागतेस, भरून टाक. ती म्हणाली, न केलेल्याचे पाच पैसे देणार नाही. अॅपमध्येच तक्रार करायची सोय आहे. तिनं आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडली. काही आठवड्यांनी चलान रद्द. पाचशे रुपये वाचले त्यापेक्षा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आणखी एक, चलानासाठीचा फोटो पोलिसांनी त्यांच्या खासगी मोबाईलवर काढून नंतर सवडीनं टाकायचा नाही, अशा सूचना वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनी २०२५ मध्ये दिलेल्या आहेत.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी जरा कान इकडं द्या. आपल्याकडे टीटी फॉर्मवर सही घेतली की गाडी आपली झाली असं समजतात. नाही होत. फॉर्म २९ आणि ३० आरटीओत जाऊन नाव बदलेपर्यंत गाडी कागदोपत्री जुन्या मालकाचीच. विकणारीनं १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणारीनं ३० दिवसांत. नाहीतर तुम्ही विकलेल्या गाडीची चलानं तुमच्या मोबाईलवर येत राहतील, आणि अपघात झाला तर कोर्टाचं बोलावणंही. घेताना आधी थकलेली चलानं बघा. गटाच्या कर्जातून जुनी गाडी घ्यायची असेल तर चलान तपासल्याशिवाय आम्ही आता ठरावच करत नाही.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात वाईट, आणि यात पोलिसांचा काही संबंध नाही. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. वर पोलिसांचं चिन्ह, मजकूर असा की तुमच्या गाडीचं चलान झालंय, बघण्यासाठी खालची फाईल उघडा. गाडीचा नंबरसुद्धा बरोबर होता. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं. ताई घाबरल्या. लायसन नाही, नवऱ्याला कळलं तर काय, म्हणून कुणाला न विचारता फाईल उघडली, मोबाईलनं जे जे विचारलं त्याला हो हो केलं. ती फाईल म्हणजे चोरट्यांचं अॅप होतं. ते मोबाईलमध्ये बसलं की येणारे ओटीपी तिकडं वाचता येतात. त्या दिवशी बँकेला सुट्टी, म्हणून गटाची गोळा झालेली महिन्याची बचत आणि हप्ते ताईंच्याच खात्यात होते. तेवीस हजार चारशे रुपये. रात्रीतून गेले.

पुढचे आठ दिवस मी विसरणार नाही. पैसे गेले ते गेलेच, पण गटात कुजबुज सुरू झाली. खरंच गेले का? की हिनंच? पंधरा वर्षं एकत्र बसणाऱ्या बाया, एकमेकींची बाळंतपणं केलेल्या. ताईंनी सकाळी उठल्या उठल्या भाच्याला सांगितलं आणि त्यानं १९३० ला फोन लावला, हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे, तो लक्षातच ठेवा. बँकेलाही कळवलं, पोलिसांत तक्रार दिली. पुढच्या खात्यात थोडी रक्कम अडकवता आली, बाकीची निघून गेली होती. तक्रारीचा कागद आणि बँकेचं स्टेटमेंट मी मिटिंगमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा कुठं कुजबुज थांबली. मग गटानं ठरवलं, गेलेल्यातलं निम्मं ताईंनी हप्त्यानं द्यायचं आणि निम्मं सगळ्यांनी सोसायचं. दोघी या ठरावाला तयार नव्हत्या, एक जण त्यावरून गट सोडून गेली. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

म्हणून सांगते, खरं चलान कधीही एपीके फाईल म्हणून येत नाही. खऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. मेसेज खरा की खोटा अशी शंका आली तर त्यातल्या लिंकला हातच लावायचा नाही, आपण होऊन महाट्रॅफिकवर जाऊन नंबर टाकून बघायचं. चलान असेल तर तिथं दिसेलच. नव्या सुरक्षा पाट्यांच्या, म्हणजे एचएसआरपीच्या नावानंसुद्धा खोट्या साइट निघाल्या आहेत, तिथंही हीच काळजी. आणि गटाचा पैसा कुणाच्या वैयक्तिक खात्यात एक रात्रही ठेवायचा नाही. हा आमच्या गटाचा आता लेखी नियम आहे.

थकलेल्या चलानाचे मेसेज येतात, त्यात कधी लोकअदालतीची नोटीस असते. ती बघून एक काकू रात्रभर झोपल्या नाहीत, त्यांना वाटलं अटकच होणार. लोकअदालत म्हणजे तडजोडीची जागा. थकलेली चलानं तिथं निकाली काढता येतात. शिरूरला कोर्ट आहे, दौंडला आहे, तिथं तालुका विधी सेवा समिती असते. आणि ही गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत आहे, विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० हा त्यांचा फोन. चलानासाठी वकिलाची गरज पडेलच असं नाही, पण अपघाताचं प्रकरण झालं तर पडते.

अपघातावरून ऊसतोडीच्या, खुरपणीच्या गाड्या आठवल्या. न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत सकाळी सातला बघा, पिकअपमध्ये वीस-वीस बाया उभ्या, ट्रॉलीत कडेला पाय सोडून बसलेल्या. चलान झालं तर ते गाडीवाल्याला होतं, आपल्याला काही नाही, असं वाटतं. पण मालवाहू गाडीत अशा बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात वीस वर्षांपूर्वीच सांगितलंय. आपला माल असेल आणि मालाबरोबर आपण बसलो असू तर गोष्ट वेगळी, तेव्हा मालाच्या मालकाला धरतात. पण मजुरीला जाणारीकडे माल कुठला, तिच्याकडे खुरपं आणि भाकरीचं फडकं. मुकादमाला विचारायला पाहिजे, गाडी कुठली पाठवतोस. एकटीनं विचारलं तर उद्या कामाला बोलावणार नाही. सगळ्यांनी विचारलं तर? नारळीबागेसारखी सावली देणारा मुकादम मी अजून बघितला नाही, पण एका वाडीतल्या बायांनी दोन फेऱ्या करायला लावल्या, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि पोरांच्या हातात गाडी. "शाळेपुरतीच नेतो." अठरा वर्षांखालच्या पोरानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी आईच्या नावावर असेल तर मालक आईच. बाईच्या नावावर गाडी घ्या म्हणून मीच तुमच्या मागं लागते, म्हणून हेही मीच सांगितलं पाहिजे.

डबेवाल्या ताईचं काय झालं ते राहिलंच. दोन्ही चलानं तिची स्वतःची, खरी होती, तिथं तक्रारीला जागा नव्हती. ती भरायला तिनं गटाकडे नवं कर्ज मागितलं. आम्ही दोन मिटिंगा वाद घातला, दंडासाठी कर्ज द्यायचं का म्हणून. एकीचं म्हणणं, चुकीला कर्ज नाही. दुसरीचं म्हणणं, डबे बंद राहिले तर आधीचंच कर्ज बुडेल. शेवटी पाच हजार दिले, बाकीचे तिच्या नवऱ्यानं मेथी विकून उभे केले, कारण एक चलान त्याचंही होतं. शिकाऊ लायसन तिनं माझ्याच मोबाईलवर काढलं, दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या खेपेला 'रस्ता द्या'च्या खुणेवर चुकली. शिकाऊवर पुढं-मागं लाल एल लावायचा असतो, आणि मागं सवारी बसवायची नाही, बसलाच तर लायसन असलेला शिकवणारा. म्हणून महिनाभर तिची जाऊ, जिच्याकडे पक्कं लायसन आहे, ती मागं बसते. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, मध्ये डब्याची पिशवी. परवा त्याच ठिकाणी त्यांना पुन्हा अडवलं. तिनं गाडी बाजूला घेतली, बंद केली, मोबाईल काढून डिजीलॉकर उघडलं. पोलीस बघून म्हणाला, "जा मावशी." तिनं मला लगेच फोन केला. म्हणाली, "ताई, मी मावशी दिसते का गं?"

पुढच्या महिन्यात न्हाव्हऱ्याच्या मिटिंगला येताना प्रत्येकीनं आरसी घेऊन या. चासीचे शेवटचे चार आकडे वाचता येत नसतील तर मी चष्मा आणते.